टाउनशिपमध्ये घर घेतलं की नेमकं काय विकत मिळतं?

मोठ्या टाउनशिपमध्ये राहणाऱ्या माणसाला विचारा, इथं काय आवडतं? उत्तरं ठरलेली असतात. मुलं रस्त्यावर सायकल चालवू शकतात. रात्री अकरा वाजताही बिनधास्त फिरता येतं. लाईट गेली तर जनरेटर आहे, रस्त्यावर खड्डा नाही, शाळा, दवाखाना, बाग, बाजार सगळं आतच. यातलं काहीच खोटं नाही. पण नीट बघितलं तर ही सगळी कामं नगरपालिकेची आहेत, आणि टाउनशिपमध्ये ती एक खासगी कंपनी पैसे घेऊन करते. तिथल्या राहणीमानाचा फायदा आणि डोकेदुखी, दोन्ही याच एका गोष्टीतून येतात.

पुण्याचं मगरपट्टा सिटी याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. हडपसरमध्ये जिथं उसाची शेती होती, तिथं साधारण 120 शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे 400 एकर जमिनी एकत्र केल्या. त्या बिल्डरला विकण्याऐवजी त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे शेअर, असा हिशोब ठेवला. नेतृत्व सतीश मगर यांचं. 2000 च्या आसपास बांधकाम सुरू झालं. घरं, आयटी पार्क, शाळा, हॉस्पिटल आणि मधोमध 25 एकरांची बाग उभी राहिली. विटा-वाळू पुरवण्यापासून हाऊसकीपिंगपर्यंत अनेक कामांची कंत्राटं याच कुटुंबांतल्या पोरांना मिळाली. इमारतींना मात्र नावं पडली कॉसमॉस, डॅफोडिल्स, हेलिकोनिया. उसाच्या फडात एवढी परदेशी फुलं याआधी कुणी पाहिली नसावीत! पुढे हेच मॉडेल सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटीत वापरलं गेलं.

मगरपट्ट्याच्या नंतर राज्य सरकारनं विशेष नगर वसाहतीचं धोरण आणलं. किमान 100 एकर सलग जमीन हवी, ही त्यातली मोठी अट. रस्ते, ड्रेनेज, कचरा सगळं विकसकानं करायचं. पाण्याचा स्रोतही त्यानंच उभा करायचा किंवा पाणी देणाऱ्या यंत्रणेकडून खात्री आणायची, नुसत्या बोअरवेल दाखवून भागणार नाही. कागदावर हे उत्तम आहे. सरकारचा खर्च वाचतो आणि लोकांना तयार शहर मिळतं.

आता बिलाकडे येऊ. महापालिका हद्दीत असाल तर मालमत्ता कर भरावाच लागतो. त्यावर इमारतीचा मेंटेनन्स, आणि त्यावर पुन्हा बाग, आतले रस्ते, क्लबहाऊस, सिक्युरिटी यांचा टाउनशिपचा वेगळा आकार. समजा, 1,100 चौरस फुटांचं घर आहे आणि सगळं मिळून दर फुटामागे 4 रुपये पडतात, तर महिन्याला 4,400 रुपये झाले. सोसायटीची वर्गणी महिन्याला 7,500 रुपयांच्या वर गेली आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांपेक्षा जास्त असली, तर 18 टक्के जीएसटीही लागतो. घराचा हप्ता कधीतरी संपतो, हे बिल मात्र घर आहे तोवर चालूच राहतं.

तरी पैसे हा त्यातला सोपा भाग. खरं भांडण होतं ते मालकीवरून. साध्या सोसायटीत इमारत पूर्ण झाली, सोसायटी स्थापन झाली, कन्व्हेयन्स झालं की जमीन रहिवाशांच्या नावावर येते. टाउनशिपमध्ये एका लेआउटवर वीस-तीस इमारती असतात आणि त्या टप्प्याटप्प्यानं उठतात. महाराष्ट्रातल्या रेरा नियमांनुसार इमारतीचं हस्तांतरण तिला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन महिन्यांत करायचं असतं, पण सामाईक जमिनीचं हस्तांतरण लेआउटमधली शेवटची इमारत पूर्ण झाल्यावर सुरू होतं. म्हणजे पहिल्या टप्प्यात राहायला आलेलं कुटुंब पंधरा वर्षं मेंटेनन्स भरत असतं आणि त्यांच्या खिडकीखालचा रस्ता, बाग, क्लबहाऊस तेव्हाही कंपनीच्याच ताब्यात असतं. ब्रोशरमध्ये मैदान दिसलेल्या जागी नवा टॉवर आला की व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो, पण मत देऊन कुणाला बदलता येत नाही. नगरसेवक म्हणतो रस्ता खासगी आहे, कंपनी म्हणते प्लॅन मंजूर आहे.

म्हणून घर बघायला जाताना सॅम्पल फ्लॅटपेक्षा जास्त वेळ महारेराच्या वेबसाईटवर घालवलेला बरा. मंजूर लेआउट, पुढचे टप्पे, करारनाम्यात सामाईक जागेबद्दल काय लिहिलंय, हे आधी वाचायचं. जलतरण तलाव नंतर बघितला तरी चालतो.

गेटवरचं जग आणखी वेगळं. पाहुणा आला की ॲपवर परवानगी, डिलिव्हरीवाल्याला वेगळी लिफ्ट, घरकामाच्या ताईंना ओळखपत्र. दिवाळीत ताईंना जुना मिक्सर दिला तर तो बाहेर नेताना बऱ्याच ठिकाणी घरमालकाची चिठ्ठी दाखवावी लागते. सुरक्षेसाठी हे आहे, असं सांगितलं जातं. पण रोज पिशवी उघडून दाखवावी लागते ती ठराविक लोकांनाच, कारमधून जाणाऱ्यांना नाही. ज्यांच्यामुळे आतलं घर चालतं, त्यांना त्या बागेत बसायलाही अनेकदा मज्जाव असतो.

आणि भिंत कितीही उंच बांधली तरी काही गोष्टी अडत नाहीत. मगरपट्ट्याच्या आत रस्ते रुंद आहेत, पण गेटबाहेर पडलं की हडपसरची तीच कोंडी. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावर होता. नांदेड आणि किरकटवाडी 2021 मध्येच महापालिकेत आली होती, तरी तिथं शुद्धीकरण केंद्र नव्हतं आणि विहिरीतलं पाणी नुसतं क्लोरीन टाकून गावांना दिलं जात होतं. त्या आठवड्यांत गावातल्या चाळीत आणि शेजारच्या टॉवरमध्ये एकच प्रश्न विचारला जात होता, आपल्याकडे पाणी येतं कुठून?