मुंबई ते लंडन : अंतर आणि वाट

ज्यांच्या घरचे कोणी विलायतेस गेले आहे अशी घरे आमच्या सातपुरात आता पुष्कळ आहेत. शेजारच्या एका आजीबाईंनी नातू निघण्याच्या आदल्या दिवशी आम्हांस विचारले, “किती लांब हो ते?” पृथ्वीच्या गोलावर मुंबई व लंडन येथे टाचण्या टोचून दोरा ताणला, तर अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैलांच्या आसपास भरते, विमानास नऊ-दहा तास लागतात. उत्तर बरोबर होते, परंतु त्याने आमचेच समाधान झाले नाही. कारण विमान दोऱ्यावरून जात नाही. ज्याच्या मुलुखावरून वाट मिळेल तिकडून ते जाते.

३० मार्च १९२९ रोजी ‘इंपीरियल एअरवेज’ने लंडन-कराची मार्ग सुरू केला. हा हवाई मार्ग खरा, परंतु त्यात आगगाडीही होती! क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, मध्ये आल्प्स आडवा म्हणून बाझल ते जिनोआ रेल्वे, तेथून समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया, आणि मग गाझा, बगदाद, बसरा करीत इराणच्या किनाऱ्याने कराची. रात्री मुक्काम. एकूण सात दिवस. आज हे हास्यास्पद वाटेल. परंतु आगबोटीच्या टपालास त्या काळी दोन आठवडे लागत. दुखण्याचे पत्र हाती पडेपर्यंत दुखणेकरी हिंडूफिरू लागलेला असे, किंवा त्याचे दिवसही होऊन गेलेले असत. त्या आठवड्याची किंमत आयांस विचारावी.

पुढे इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्यास हरकत घेतली, तेव्हा ऑक्टोबर १९३२ मध्ये हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूस, बहरीन-शारजाकडे, वळवावा लागला. योगायोग असा, की त्याच महिन्यात, १५ तारखेस, जे. आर. डी. टाटा कराचीहून एकटेच ‘पस मॉथ’ नावाचे चिमुकले विमान घेऊन टपालासह निघाले व दुपारी मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेत अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे टपाल मद्रासेस नेले. आमच्या मते हिंदुस्थानच्या टपालाच्या इतिहासात या बैलगाडीस मानाचे स्थान हवे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हा या दोन थांब्यांनी लंडनास निघाले, आणि सप्ताहाचा प्रवास एका दिवसाच्या घरात आला. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. येथवर सर्व श्रेय यंत्राचे.

परंतु परवानगीचा प्रश्न यंत्राने सुटला नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत. दिल्लीहून युरोपाकडे जाणाऱ्या विमानांस दक्षिणेकडून वळसा पडला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांस पुन्हा तीच बंदी झाली. इंधन अधिक, वेळ अधिक. दोरा मात्र तेवढाच.

आजीबाईंस आम्ही अखेर इतकेच सांगितले, की कसारा घाट उतरून मुंबईस पोचावयासच चार तास धरा. त्यांनी तेही बोटांवर मोजून घेतले.