सूड कोणाचा, कोळसा कोणाचा?

'गँग्ज ऑफ वासेपूर' म्हटलं की कुणाला शिव्या आठवतात, कुणाला गोळीबार, तर कुणाला स्नेहा खानवलकरची गाणी. मला आठवतो तो कोळसा. अनुराग कश्यपचा हा पाच तासांहून लांब सिनेमा २०१२ मध्ये दोन भागांत आला. तीन पिढ्यांचं वैर म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे, पण ते वैर उगवलं ती जमीन फारसं कुणी पाहत नाही.

वासेपूर म्हणजे धनबादचाच एक भाग. २००० पर्यंत बिहारमध्ये, आता झारखंडमध्ये. शेजारी झरियाच्या खाणी. इथला कोळसा कोकिंग जातीचा, पोलादाच्या भट्टीला लागणारा. म्हणजे काळं सोनंच! आणि सोनं आलं की त्यावर बसायला नाग येतोच.

सिनेमातला शाहिद खान आधी खाणीत मजूर असतो. बायको अडलेली असताना खाणीवरचा पहिलवान त्याला घरी जाऊ देत नाही, आणि ती बाळंतपणात जाते. शाहिद त्या पहिलवानाला मारतो. पुढे काय होतं बघा. स्वातंत्र्यानंतर रामाधीर सिंगकडे खाण येते आणि तो शाहिदलाच आपला पहिलवान करतो. आता शाहिद मजुरांना बडवतो. माणसं बदलली, लाठी तीच राहिली. मला वाटतं, सगळी गोष्ट इथेच सांगून झाली आहे. नंतर रामाधीर शाहिदचा काटा काढतो आणि मुलगा सरदार शपथ घेतो. चाणक्यानं शेंडी मोकळी सोडली होती, यानं डोकंच भादरलं!

मालक बदलला की हे संपेल असं सरकारलाही वाटलं असणार. १९७१ मध्ये कोकिंग कोळशाच्या खाणींचं व्यवस्थापन सरकारनं हातात घेतलं, १९७२ मध्ये त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७३ मध्ये बाकीच्या कोळसा खाणींचं. मजुराला कागदावर नोकरी मिळाली, पगार वाढला, हे खरंच. पण युनियन, वाहतुकीचे ठेके, माल भरण्याची मजुरी, चोरीचा कोळसा, या सगळ्या वाटांवर पहिलवान उभेच होते. त्यातले काही पुढे निवडणुकाही जिंकले.

आता एक तारीख. २७ डिसेंबर १९७५. धनबादजवळच्या चासनालाच्या खाणीत वर साठलेलं पाणी फुटून आत घुसलं. पावणेचारशेच्या आसपास माणसं आत बुडाली. इतकी माणसं तर वासेपूरच्या दोन्ही भागांत मिळून मरत नसतील. त्यावरून पुढे १९७९ मध्ये 'काला पत्थर' आला, अमिताभचा. आणि आपल्या सिनेमातला फैजल खान लहानपणापासून अमिताभचाच भक्त. पण अमिताभकडून तो उचलतो काय, तर नुसता राग. खाणीत बुडालेले मजूर त्याच्या गोष्टीत कुठेच नाहीत.

सूड घ्यायला नाव लागतं, चेहरा लागतो. रामाधीर सिंगला चेहरा आहे, म्हणून सरदारला शपथ घेता येते. चासनालाच्या बायकांनी कुणाच्या नावानं डोकं भादरायचं? पाण्याच्या? फाईलच्या? झरियाच्या पोटात १९१६ पासून आग धुमसते आहे. तिच्यावर घरं आहेत, पोरं खेळतात. तिचा बदला कोण घेणार?

शेवटी फैजल रामाधीरला मारतो आणि लगेच स्वतःही मरतो, घरातल्याच माणसाच्या गोळीनं. हिशेब पुरा झाला असं म्हणायचं. पण तो दोन घरांचा हिशेब. ज्यांच्या घामावर दोन्ही घरं पोसली, त्यांची वही अजून कुणी उघडलेलीच नाही.

असो. पुन्हा सिनेमा पाहाल तेव्हा बंदुकांवरून नजर जरा काढा, आणि सुरुवातीच्या खाणीतली ती काळवंडलेली माणसं नीट बघा. कथा त्यांचीही आहे.