संताजींची वही आणि आजचें वाचन

लिखाण वाचकापर्यंत कसें पोंचवावें, हा प्रश्न आज ‘ईमेल, वेब कीं ॲप?’ अशा शब्दांत विचारला जातो. पिंपरी-चिंचवडमधील तळवड्याच्या संगणक-कचेऱ्यांपासून देहू जवळच आहे. त्या मुलखास हा प्रश्न तीनशें वर्षांहून जुना आहे.

तुकोबांचे अभंग पसरले ते मुख्यतः कीर्तनांतून. ऐकणारे बहुतेक निरक्षर. वही हें दुसरें साधन. चाकणचे संताजी जगनाडे, व्यवसायानें तेली, यांनीं अभंग लिहून ठेवले, अशी परंपरा आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडाल्या व तेरा दिवसांनीं वर आल्या, ही कथा सर्वश्रुतच आहे. चमत्काराचा वाद येथें नको. परंतु जें काव्य शेंकडों मुखीं पाठ आहे, तें एका डोहांत बुडवितां येत नाहीं, एवढें कोणीही मान्य करील.

पुढें छापखाना आला. सरकारी साह्यानें इंदुप्रकाश छापखान्यांत १८६९ व १८७३ सालीं गाथा दोन भागांत निघाली; तींत साडेचार हजारांवर अभंग आहेत. वि. ल. भावे यांनीं १९१९च्या सुमारास तळेगांवच्या, संताजींच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या, वह्यांवरून वेगळी गाथा छापिली. तींत अभंग सुमारें तेराशेंच. अस्सल कोणते, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. मुखानें काव्य जगविलें, पण त्यांत भरही घातली असावी; वहीनें थोडें राखिलें, पण तें अडीचशें वर्षांनींही उघडून वाचतां आलें.

आतां आजचीं साधनें पाहूं. ईमेल १९७१ सालचें. त्यांत प्रत वाचकाच्या हातीं राहते, हा वहीचा गुण. मात्र रोजच्या टपालाच्या ढिगांत ती न उघडतां पडून राहते. वेब १९९१ सालीं सर्वांस खुलें झालें. तें कीर्तनासारखें आहे: येईल त्यानें ऐकावें. पण यजमानानें जागेचें भाडें थकविलें कीं मंडप उठलाच! ॲपची बाजारपेठ २००८ पासूनची. जाळें नसतां वाचणें, अक्षर मोठें करणें, या सोयी त्यांत उत्तम. घरांतील वृद्धांस त्या हव्याच असतात. परंतु ॲप मोबाईलवर येतें तें बहुधा परक्या दुकानदाराच्या परवान्यानें, आणि वेळोवेळीं डागडुजी न केल्यास नव्या मोबाईलवर तें उघडतही नाहीं. असल्या पेटींत एकुलती प्रत ठेवणें मला धोक्याचें वाटतें.

देहू-चाकणच्या कोणा संस्थेनें अभंगांचें काम हातीं घेतलें, तर तिनें ते आधीं उघड्या वेबवर, कोणालाही उतरवून घेतां येतील असे ठेवावे. नवें कांहीं छापलें कीं ईमेलनें कळवावें. आणि पैसा उरला तर ॲप करावें.