फणीची कुळकथा

एखाद्या मंडळाला पन्नास वर्षे पुरी झाली म्हणजे त्याचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत असते. संस्थापक कोण, वास्तू केव्हा उभी राहिली, गणेशोत्सवात कोणती नाटके झाली, ग्रंथालयात पुस्तके किती, यांची नोंद घेतली जाते; आणि ती घेतलीच पाहिजे. परंतु ज्या कुटुंबांमुळे मंडळ उभे राहिले, ती आपला मुलूख सोडून निघाली तेव्हा त्यांच्या ट्रंकांत काय होते, हे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. देव्हाऱ्यातील टाक, पुरणयंत्र, पोळपाट-लाटणे यांच्या जोडीला जुन्या घरांतून आणखी एक जिन्नस निघे. तो म्हणजे लाकडी फणी. आजच्या लेखात आम्ही या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूची कुळकथा सांगणार आहोत. केस राखण्याचा अधिकार कोणाला होता आणि ते विंचरावयास कोणाचा हात होता, या दोन प्रश्नांची उत्तरे फणीच्या इतिहासात दडलेली आहेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाकडे वळू. संस्कृतात फणीला ‘कङ्कत’ किंवा ‘कङ्कतिका’ म्हणतात. आपला ‘कंगवा’ आणि हिंदीतील ‘कंघी’ हे त्याच घराण्यातील. मराठीने मात्र ‘कंगवा’ आणि ‘फणी’ असा भेद राखला. मोठ्या, विरळ दात्यांचा तो कंगवा. बारीक, दाट दात्यांची, बहुधा दोन्ही अंगांना दाते असलेली ती फणी. कंगव्याने गुंता सोडवावयाचा आणि फणीने उवा-लिखा काढावयाच्या, अशी ही कामाची वाटणी होती. हा शब्द केसांपुरताच राहिला नाही. विणकराच्या मागावर ताण्याचे धागे जिच्यातून ओवले जातात, तीही फणीच. आणि केळीच्या घडातील ओळीने चिकटलेल्या केळ्यांचीही फणीच. जे जे समांतर आणि नेटके, त्याला मराठी माणसाने फणीचे नाव दिले.

फणी किती जुनी? अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडात, म्हणजे विवाहसूक्तांत, तिचा उल्लेख आढळतो. मनुष्याने घडविलेल्या, शंभर दात्यांच्या साधनाने नववधूच्या केसांतील व मस्तकावरील मळ दूर व्हावा, अशी प्रार्थना तेथे केलेली आहे. त्याहून प्राचीन अशा सिंधुसंस्कृतीच्या स्थळांवर हस्तिदंती फण्या सापडल्या असून, काहींवर वर्तुळे व ठिपके यांची नक्षी आहे. इस्राएलमधील लाखीश येथे २०१६ साली सापडलेल्या एका इवल्याशा हस्तिदंती फणीवर कनानी लिपीतील अक्षरे कोरलेली असल्याचे २०२२ साली जाहीर झाले. सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या त्या लेखाचा आशय एवढाच की, या दंताने केसांतील व दाढीतील उवा नाहीशा होवोत! वर्णमालेत लिहिलेल्या आजवर ज्ञात अशा अगदी जुन्या पूर्ण वाक्यांपैकी एक वाक्य उवांविषयी असावे, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. हस्तिदंत मातीत टिकतो, लाकूड कुजते. म्हणून पदार्थसंग्रहालयांत श्रीमंतांच्या फण्या दिसतात आणि गरिबांच्या लाकडी फण्या दिसत नाहीत. त्यांचा शोध शब्दांत, ओव्यांत आणि रूढींतच घ्यावा लागतो.

लाकडी फणी करणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. त्यासाठी लाकूड घट्ट, बारीक रेषांचे आणि न चिरणारे हवे. हळदू म्हणजे आपल्याकडील हेदू, तसेच कळंब, शिसव, कडुनिंब, चंदन अशा लाकडांचा त्यासाठी उपयोग होत आला. दाते नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच कापावे लागतात. रेषेला आडवे कापले तर पहिल्याच गुंत्यात ते मोडतील. बारीक करवतीने एकेक दाता मोकळा करावयाचा, कानशीने त्याच्या कडा बोथट करावयाच्या, मग फणीला तेल पाजावयाचे, असा हा क्रम. अशी फणी वापरता वापरता केसांतील तेल शोषून घेते, मऊ होते आणि तेच तेल मुळांपासून टोकांपर्यंत पसरवीत जाते. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरविला की घर्षणाने वीज निर्माण होते, केस उभे राहतात आणि कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात. हा प्रयोग शाळेत आपण सर्वांनीच केला आहे. लाकडात थोडा ओलावा असतो, त्यामुळे तेथे वीज साठत नाही. लांब केसांना लाकूड मानवते, यामागचे शास्त्र ते एवढेच.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत या फणीची जागा फणेरीच्या पेटीत असे. पेटीच्या झाकणाला आतून आरसा, आतील खणांत कुंकवाचा करंडा, कुंकू टिकावे म्हणून आधी लावावयाचे मेण, आणि फणी. दुपारची कामे आवरली की माजघरात किंवा मागील दारी वेणीफणीची बैठक जमे. सासू सुनेची, थोरली जाऊ धाकटीची, आई लेकीची वेणी घाली. कंबरेपर्यंतचे केस एकटीने विंचरणे कठीणच. म्हणून त्या तासाभरात घरातील रुसवे-फुगवे, माहेरच्या आठवणी, दुखणीखुपणी सारे बोलून होई. विंचरताना निघालेला गुंतवळ फेकून न देता जपून ठेवीत. त्यापासून गंगावन करीत. दिवेलागणीनंतर केस विंचरू नयेत हा दंडक वडीलधाऱ्या बायका कटाक्षाने पाळीत.

हरितालिकेच्या पूजेत देवीला जे सौभाग्यलेणे वाहतात, त्यात करंडा आणि फणी असतातच. आज बाजारात त्या पूजेसाठी बोटभर लांबीची काळी फणी मिळते. तिने कोणाचे केस विंचरले जात नाहीत. पण ती नसेल तर वाण अपुरे वाटते.

विंचरणाऱ्या हाताचे मोल आपल्या संतांनी जाणले होते. गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच घर सोडून पंढरपुरास नामदेवांच्या घरी आली. तिला आई नव्हती, बहीण नव्हती, मग तिची वेणी कोण उकलणार? तिच्या नावावरील अभंगांत आणि बायकांच्या ओव्यांत हे काम प्रत्यक्ष विठ्ठल करतो. तो तिच्या डोक्याला लोणी चोळतो, तिला न्हाऊ घालतो. जगाचा स्वामी दासीच्या केसांना हात लावतो, हे चित्र ज्यांच्या कल्पनेत उमटले, त्यांना माणसाचे एकाकीपण म्हणजे काय हे पुरते ठाऊक होते. परमुलखात नव्याने आलेल्या प्रत्येक सुनेला ही जनी आपली वाटली असेल, यात शंका नाही.

परंतु या कुळकथेत एक काळे पान आहे आणि ते उलटून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. करंडा आणि फणी सौभाग्याची चिन्हे ठरली, याचाच दुसरा अर्थ असा की, पती निवर्तल्यावर ती दोन्ही हिरावून घेतली जात. विशेषतः ब्राह्मण समाजात विधवेचे केशवपन होई. दहा-बारा वर्षांच्या मुलीसुद्धा त्यातून सुटत नसत. ज्या घरात रोज वेणीफणीची बैठक जमे, त्याच घरात एक मुलगी अंधाऱ्या कोपऱ्यात डोक्यावरून पदर ओढून बसलेली असे. गोपाळ गणेश आगरकरांनी या रूढीवर लेखणीचे आसूड ओढले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही, असे त्यांनी ठरविले. ज्यांचा चरितार्थ वस्तऱ्यावर, त्यांनीच तो खाली ठेवावा, ही घटना आमच्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्याजोगी आहे. पुढे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापिला. त्या संस्थेसाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी स्वतःचे केशवपन थांबविले व केस पुन्हा वाढू दिले. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी त्याची हकीकत सांगितली आहे. कितीतरी वर्षांनी डोक्यावर केस वाढविणे हा त्या काळी मोठ्या धैर्याचा निर्णय होता.

महाराष्ट्रात विधवेची फणी हिरावली जात होती. उत्तरेत मात्र एका समाजाने फणीला धर्मचिन्हाचा मान दिला होता. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथाची स्थापना केली. खालशाच्या पाच ‘क’कारांत केशांच्या पाठोपाठ कंघा येतो, आणि तो परंपरेने लाकडीच असतो. केस कापावयाचे नाहीत, पण ते जटा होऊ द्यावयाचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ विंचरून, बांधून, त्या बुचड्यात कंघा खोवावयाचा व वर पगडी बांधावयाची, ही शिस्त. संन्याशाच्या जटा संसारत्यागाची खूण, तर विंचरलेले केस संसारात राहून धर्म पाळणाऱ्याची खूण, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा कंघा पुरुषही धारण करतो, स्त्रीही करते. वैधव्य आले म्हणून तो उतरविला जात नाही.

या दोन परंपरा एकमेकींस परक्या आहेत, असे मात्र कोणी समजू नये. ज्या नामदेवांच्या घरी जनी वाढली, तेच नामदेव पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्मारक आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. उलट दिशेने गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले आणि १७०८ साली नांदेडला त्यांनी देह ठेवला. जनीच्या गंगाखेडवरून वाहत येणारी गोदावरीच पुढे नांदेडला जाते. उत्तरेत राहणाऱ्या आपल्या मुलांना शेजारच्या शीख मुलाचा कंघा दिसला, तर त्यामागे ही एवढी मोठी वाट आहे, हे त्यांना सांगावे.

मध्य भारतातही फणीने आपले वैभव मिरविले. उज्जैन, रतलाम, नीमच या भागांत बंजारा समाजाने कोरीव व जडावाच्या कंघ्यांची कला जोपासली. बस्तरमधील मुरिया समाजात तरुण आपल्या आवडत्या मुलीसाठी स्वतः फणी कोरून तिला भेट देत. मुली त्या अभिमानाने केसांत खोवीत. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुरियांवरील ग्रंथात याचे सविस्तर वर्णन केले आहे. फणी हे प्रेमपत्र होऊ शकते, हे या अरण्यवासी बांधवांनी दाखविले.

लाकडी फणीला ओहोटी लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्युलॉइड निघाल्यावर. नायट्रोसेल्युलोज व कापूर यांपासून होणारा हा पदार्थ हस्तिदंतासारखा दिसे, स्वस्त पडे. मात्र चटकन पेट घेई. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात बंगालमधील, आज बांगलादेशात असलेल्या जेसोर येथे अशा कंगव्यांचा देशी कारखाना निघाला. सेल्युलॉइडच्या मागून प्लॅस्टिक आले आणि हाताने एकेक दाता कापणाऱ्याचा व्यवसाय बसला. त्याबरोबर घरेही लहान झाली, केस आखूड झाले, दुपार कचेरीत जाऊ लागली. याचे दुःख करीत बसावे असे आम्ही म्हणणार नाही. लांब केस राखावे की कापावे, हे आज आमच्या लेकी स्वतः ठरवितात; आणि ज्या समाजात एके काळी तो निर्णय वस्तऱ्याच्या हाती होता, तेथे हे स्वातंत्र्य थोडे नव्हे.

अलीकडे कडुनिंबाचे कंगवे पुन्हा दुकानांत दिसू लागले आहेत. ते घ्यावेत, हे तर झालेच. पण आमची विनंती थोडी निराळी आहे. आपल्या घरात आजीची फणेरीची पेटी असेल तर ती माळ्यावरून खाली काढावी. त्यातील वस्तूंची नावे मुलांना मराठीत सांगावीत : करंडा, मेण, फणी, गंगावन. ती पेटी कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणाबरोबर आली, हे कागदावर लिहून तो कागद पेटीतच ठेवावा. मंडळाच्या दप्तरात अध्यक्षांची नावे सुरक्षित आहेत. या पेट्यांच्या मालकिणींची नावे मात्र लिहून ठेवली नाहीत तर उरणार नाहीत. आणि एखाद्या रविवारी, वेळ काढून, लेकीचे किंवा म्हाताऱ्या आईचे केस आपल्या हाताने विंचरावेत. मनातले बोलावयास फोनपेक्षा ती बैठक अधिक बरी, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते.