ताऱ्यांच्या राज्याची बखर

गेल्या दिवाळीत मी पुण्याला बहिणीकडे होतो. लक्ष्मीपूजन आटोपले, पाने वाढली, वरणभातावर तूपही पडले. पण भाचा काही खोलीबाहेर येईना. बहिणीच्या तीन हाका वाया गेल्यावर मामाच्या अधिकाराने मीच आत गेलो. पाहतो तो पडद्यावर काळेभोर आकाश, त्यात लुकलुकणारे ठिपके, आणि कानांना यंत्र लावून आमचे चिरंजीव दबक्या आवाजात कोणाशी तरी इंग्रजीत बोलताहेत. मी तोंड उघडण्यापूर्वीच त्याने हात जोडले. "मामा, फक्त वीस मिनिटं! मी पहाऱ्यावर आहे. मी उठलो तर तिकडे आमची माणसं मरतील."

मी पडलो मास्तर. मुलांच्या हातून पतंग, गोट्या आणि आता मोबाइल हिसकावून घेण्यात माझी उमेद गेली. खेळात वेळ दवडणारे मी ढीगभर पाहिले आहेत. परंतु खेळात पहारा देणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. त्या रात्री मी मुकाट्याने परत फिरलो, बहिणीची बोलणी खाल्ली, आणि पुढले चार दिवस भाच्याला छळून त्या खेळाचा इतिहास काढून घेतला. मागाहून स्वतःही पुष्कळ वाचले. त्या खेळाचे नाव 'ईव्ह ऑनलाइन'.

संगणक आणि आकाश यांचे लग्न तसे जुने आहे. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. मधोमध एक सूर्य, त्याच्या ओढीतून सुटत एकमेकांवर गोळे डागणारी दोन विमाने, एवढाच मामला. ज्या पीडीपी-१ यंत्रावर तो चाले, त्याची किंमत सुमारे सव्वा लाख डॉलर. पण त्यांच्यातील पीटर सॅमसन या गड्याला मागच्या आकाशातले खोटे तारे खपेनात. त्याने तेथे खऱ्या नकाशाप्रमाणे खरे तारे मांडले. खेळ खोटा, आकाश मात्र खरे! पुढे सारे जे घडले त्याचे बीज मला या हट्टात दिसते. 'स्पेसवॉर'चे दोन खेळाडू शेजारी शेजारी बसत. १९७३ नंतर इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' यंत्रणेवर दूर दूर बसलेली अनेक माणसे एकाच आकाशात लढू लागली. १९८४ मध्ये केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' काढला. त्यात लढाईबरोबर व्यापार आला, पण खेळणारा एकटाच.

हे सारे धागे एकत्र विणले ते आइसलँडच्या लोकांनी. देशाची वस्ती चार लाखांच्या आत. आपल्या एकट्या कोल्हापूर शहरात याहून जास्त माणसे नांदतात. थंडी अशी आणि हिवाळ्याच्या रात्री इतक्या लांब, की माणसाने घरात बसून गोष्टी सांगाव्यात नाही तर करावे काय? तेराव्या शतकात या लोकांनी आपल्या पूर्वजांच्या 'सागा' लिहून काढल्या. त्यांत राजे थोडे आणि शेतकरी फार. कोणाची जमीन कोणी बळकावली, कोणाचा सूड कोणी घेतला, याच्याच त्या कहाण्या. अशा देशात, रेक्याविक शहरी, १९९७ साली सीसीपी नावाची कंपनी निघाली. खेळ रचायला पैसा नव्हता, म्हणून आधी घरोघर खेळायचा एक पट-सोंगट्यांचा खेळ विकून त्यांनी भांडवल उभे केले. अखेर ६ मे २००३ रोजी 'ईव्ह' सुरू झाला.

त्यात आज सात हजारांवर सूर्यमाला आहेत. चीनपुरती वेगळी व्यवस्था सोडली, तर जगातले सारे खेळाडू एकाच आकाशात वावरतात. कंपनीने त्यांना आकाश दिले, खनिजे दिली, बाजार दिला. गोष्ट मात्र दिली नाही. तुम्ही खाण खणा, व्यापार करा, चाचेगिरी करा, राज्य स्थापा, नाही तर भीक मागा. जहाजे बांधायची ती खेळाडूंनी, विकायची त्यांनी आणि बुडवायचीही त्यांनीच. हा बाजार इतका खरा झाला की २००७ साली कंपनीला त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी एक अर्थशास्त्रज्ञ नेमावा लागला, आणि २००८ पासून खेळाडू आपले प्रतिनिधी निवडून कंपनीकडे गाऱ्हाणी नेऊ लागले.

पण खरी मेख पुढेच आहे. इतर खेळांत मेलेला पुन्हा उठतो आणि सारे पूर्ववत होते. येथे माणूस उठतो, पण गेलेले जहाज गेलेच! विम्याचे चार पैसे मिळाले तर मिळाले; महिनोन् महिने खपून मिळवलेली चीज एका क्षणात राख होते. भाच्याने पहिले जहाज गमावले तेव्हा त्याचे हात थरथर कापत होते म्हणे. मी म्हटले, "मग हा जीवाला घोर कशाला?" तो हसला. "मामा, घोर नसेल तर पहारा कशाला?" यावर मला उत्तर सुचले नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

या राज्यातले पहिले महाकाय जहाज खेळाडूंनी २००६ साली बांधले. अशा जहाजाला 'टायटन' म्हणतात. एवढ्या प्रचंड वस्तूचे नाव काय ठेवावे? 'स्टीव्ह'! दरबारच्या हत्तीला 'बाळू' म्हणावे तसे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शत्रूने ते बुडवले, आणि त्याचा सांगाडा त्या जागी स्मारक म्हणून आजही तरंगतो आहे.

फितुरीचे तर काय सांगावे! ज्या महाराष्ट्रातले किती तरी बेलाग किल्ले तोफांपेक्षा फितुरीनेच पडले, त्याला हे प्रकरण अनोळखी वाटणार नाही. २००५ साली भाडोत्री हेरांच्या एका टोळीने एका व्यापारी संघात आपली माणसे पेरली. ती माणसे महिनोन् महिने इमानाने राबली, विश्वासाच्या जागांवर चढली, आणि एके दिवशी खूण होताच त्यांनी संघाच्या प्रमुख बाईंचे जहाज बुडवून सारी कोठारे लुटली. लुटीची खरी किंमत साडेसोळा हजार डॉलर धरली गेली. कंपनीने कोणालाही शासन केले नाही, कारण खेळाच्या कायद्यात विश्वासघात हा गुन्हा नाही. मला हे रुचत नाही. पण हेही दिसते की जेथे दगा शक्य आहे, तेथेच इमानाला किंमत येते. आमच्या भाच्याच्या वीस मिनिटांना वजन होते ते त्यामुळेच.

सर्वांत गाजलेले रण २७ जानेवारी २०१४ चे. 'बी-आर५आरबी' असे कोणत्याही शाहिराच्या जिभेवर न बसणारे त्या जागेचे नाव. एका पक्षाचा तेथे मोठा तळ होता. त्या मुलखाच्या मालकीचा ठरावीक आकार भरायचा राहिला, आणि मालकी उघड्यावर पडली. शत्रूने झडप घातली. सुमारे एकवीस तास लढाई चालली, साडेसात हजारांवर माणसे तीत उतरली, पंचाहत्तर टायटन जळाले. गर्दी एवढी की यंत्राला हिशेब आवरेना. अशा वेळी खेळातला काळच मंद केला जातो, एका सेकंदाला दहा सेकंद लागतात. कोणी लढता लढता जेवले, कोणी झोपून उठून पुन्हा मोर्चावर आले! नुकसानीचा अंदाज तीन लाख डॉलरचा. पानिपतची बातमी सावकारी पत्रातून मोत्या-मोहरांच्या भाषेत आली अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेथे मोहरा म्हणजे माणसे होती. येथे डॉलर म्हणजे काय? हजारो लोकांच्या हजारो संध्याकाळी. त्यांतल्या काही बायकामुलांच्या वाट्याच्या असतील, काही झोपेच्या आणि अभ्यासाच्या असतील. हेही बखरीत लिहिले पाहिजे.

साऱ्यांनाच लढाईचा सोस असतो असेही नाही. 'कातिया से' असे नाव घेतलेल्या एका प्रवाशाने नऊ-दहा वर्षे हिंडून २०१९ साली एकूण एक सूर्यमाला पाहिली, आणि वाटेत एकही जहाज गमावले नाही. नर्मदेची परकम्मा करणाऱ्यांची आपल्याला आठवण व्हावी! त्या प्रवाशाचा पुतळा त्या आकाशात उभा आहे.

आता एकच गोष्ट सांगायची उरली. 'व्हाइल रॅट' या नावाचा एक खेळाडू एका बलाढ्य संघाचा वकील होता. जुन्या दरबारी अर्थाने वकील, म्हणजे तह जुळवणारा. लढाया टाळण्यात आणि लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खऱ्या जगात तो शॉन स्मिथ, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील कर्मचारी. ११ सप्टेंबर २०१२ च्या रात्री लिबियातील बेंगाझी येथे अमेरिकन कचेरीवर हल्ला झाला आणि त्यात तो मारला गेला. मागे पत्नी आणि दोन मुले राहिली. ज्यांनी त्याचा चेहराही कधी पाहिला नव्हता अशा सोबत्यांनी त्या कुटुंबासाठी पैसा जमवला. आणि त्या आकाशात, मित्रांच्या मुलखात तसेच काल-परवापर्यंत त्याच्याशी लढणाऱ्यांच्याही मुलखात, एकामागून एक ठाण्यांची नावे बदलू लागली. शेकडो ठाण्यांवर त्याचेच नाव झळकले.

भाचा हे सांगताना खिडकीबाहेर पाहत होता. खाली कोणाची तरी पोरे भुईनळे लावीत होती.

२०१४ साली रेक्याविकच्या बंदराशी या खेळाचे स्मारक उभारले, आणि त्याच्यावर खेळाडूंनी धारण केलेली हजारो नावे बारीक अक्षरांत कोरली. आईबापांनी ठेवलेली नावे नव्हेत, स्वतः मिळवलेली. उभारल्यावर थोड्याच दिवसांत कोणी तरी रात्री जाऊन त्यातले काही खरवडले. पंचवीस वर्षे शाळेतले बाक पाहत आलो असल्याने मला त्याचे नवल वाटले नाही. मी भाच्याला विचारले, "तुझे नाव आहे का रे त्याच्यावर?"

"नाही हो मामा," तो म्हणाला, "मी फार उशिरा आलो." आणि घड्याळाकडे पाहून तो उठला. त्याची पहाऱ्याची वेळ झाली होती.