लॅरी मिलर: मालक कीं विश्वस्त?

अमेरिकेंतील युटा संस्थानाची राजधानी सॉल्ट लेक सिटी ही मॉर्मन पंथीयांनीं १८४७ सालीं वसविलेली धर्मनिष्ठ नगरी. तिच्या बास्केटबॉल संघाचें नांव मात्र ‘जॅझ’! हा संघ मूळचा न्यू ऑर्लिन्सचा. १९७९ सालीं तो इकडे आला व येतांना तिकडच्या संगीताचें नांवहि घेऊन आला. त्याच सालीं लॅरी मिलर नांवाचा एक पस्तिशीचा गृहस्थ कोलोरॅडोंतून या आपल्या जन्मगांवीं परतला आणि शेजारच्या मरे येथें त्यानें टोयोटा मोटारींची एक पेढी विकत घेतली.

मिलरजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. आम्हां प्राध्यापकांस हें लिहितांना किंचित् अवघडल्यासारखें होतें. मोटारींचे सुटे भाग विकण्याच्या कामांत त्याची उमेदवारी झाली, आणि उरलेल्या वेळांत तो सॉफ्टबॉलचा कसलेला गोलंदाज होता. मालाची बारीक माहिती व अचाट मेहनत एवढेंच त्याचें भांडवल. एका पेढीच्या पुढें अनेक पेढ्या झाल्या. तो सर्व हिशेब येथें मांडण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडे २००८ पासून क्रिकेटचे संघहि विकले जाऊं लागल्यामुळें संघाचा ‘मालक’ हा शब्द आतां कानांस खटकत नाहीं. पण जो संघ सारें गांव आपला म्हणतें, त्याची मालकी म्हणजे नेमकें काय? १९८५ सालीं जॅझ संघ तोट्यांत होता व तो गांव सोडून जाईल अशी धास्ती होती. मिलरनें कर्ज काढून ८० लाख डॉलरांस त्याचा अर्धा हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षीं मिनेसोटाकडील गिऱ्हाईक पुढें आलें. त्या वेळीं विकून मोकळें होणें हाच व्यापारी शहाणपणा होता. मिलरनें उलट १ कोटि ४० लाख डॉलर देऊन उरलेला अर्धा हिस्साहि घेतला. यांत निव्वळ परोपकार होता असें मी मानीत नाहीं. ज्या गांवांत मोटारी विकावयाच्या, त्या गांवाचा जिव्हाळा व्यापाऱ्यास स्वस्त पडत नसतो. तरीहि संघ गांवांत राहिला तो या माणसामुळें, हें नाकारतां येत नाहीं. १९९१ सालीं त्यानें संघासाठीं डेल्टा सेंटर हें भव्य क्रीडागृह उभारलें.

तो रविवारीं सामन्यास जात नसे. तो दिवस उपासनेचा. १९९८ सालीं मायकेल जॉर्डनच्या शिकागो संघाशीं अंतिम झुंज झाली. सहावा सामना सॉल्ट लेक सिटींतच, १४ जूनला, रविवारीं झाला. जॅझ ८७–८६ असा, एका गुणानें हरला, आणि विजेतेपद सलग तिसऱ्या वर्षीं शिकागोकडे गेलें.

विश्वस्ताची ही वृत्ति सर्वत्र सारखी होती असें नाहीं. २००६ सालीं दोन पुरुषांच्या प्रेमावरील एक गाजलेला चित्रपट त्यानें आपल्या चित्रगृहांतून ऐनवेळीं काढून टाकला. तेथें मात्र त्याच्या मर्जीपुढें गांवाच्या आवडीस जागा नव्हती. घराचीहि गोष्ट तशीच. आपण रात्रंदिवस कामांत राहिलों आणि मुलें मोठीं होतांना पाहिलीं नाहींत, ही खंत उत्तर वयांत त्यानें स्वतःच बोलून दाखविली. मधुमेहानें त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखालीं कापावे लागले, व २० फेब्रुवारी २००९ रोजीं, वयाच्या ६४ व्या वर्षीं तो वारला.

त्याची पत्नी गेल हिनें २०१७ सालीं संघ व क्रीडागृह एका न्यासाच्या स्वाधीन केलें. संघ युटांतून कधीं हलूं नये हा हेतु. चार वर्षेंहि लोटलीं नाहींत तोंच, २०२० सालीं, कुटुंबानें संघाचा मोठा हिस्सा रायन स्मिथ या युटाच्याच उद्योजकास विकला, आणि पुढील वर्षीं मोटारींच्या पेढ्याहि अॅस्बरी कंपनीकडे गेल्या. संघ अद्याप सॉल्ट लेक सिटींतच खेळतो.