टिळकांची उलटतपासणी घेणारा कार्सन

लोकमान्य टिळकांनी सर व्हॅलेंटाइन चिरोलवर लंडनमध्ये लावलेला अब्रुनुकसानीचा दावा पुणेकरांना ऐकून माहीत असतो. त्या दाव्यात चिरोलच्या बाजूने उभा राहिलेला बॅरिस्टर सर एडवर्ड कार्सन मात्र आपल्या चरित्रग्रंथांत केवळ नावापुरता येतो. त्याची राजकीय कारकीर्द तपासू लागलो, तेव्हा या खटल्याचा अर्थच माझ्यापुरता बदलला.

कार्सन १८५४ साली डब्लिनमध्ये जन्मला. १८९५मध्ये ऑस्कर वाइल्डची उलटतपासणी घेऊन तो गाजला. आयर्लंडने ब्रिटनशी जोडलेलेच राहावे असे मानणाऱ्या युनियनिस्टांचे पुढारीपण १९१०मध्ये त्याच्याकडे आले. होमरूलला विरोध करण्याच्या प्रतिज्ञापत्रावर २८ सप्टेंबर १९१२ रोजी बेलफास्टमध्ये पहिली सही त्याची होती; एकूण दोन लाखांहून अधिक पुरुषांनी सह्या केल्या. पुढच्या वर्षी अल्स्टरमध्ये स्वयंसेवकांची फौज उभी राहिली आणि एप्रिल १९१४मध्ये तिच्यासाठी हजारो रायफली चोरून उतरवल्या गेल्या. कार्सनवर खटला झाला नाही. उलट १९१५मध्ये तो अ‍ॅटर्नी जनरल झाला, पुढे नौदलमंत्री.

त्या रायफली उतरल्यानंतर दोनच महिन्यांनी टिळक मंडालेहून पुण्यात परतले. त्यांनी सहा वर्षांची शिक्षा भोगली ती 'केसरी'तल्या लेखांबद्दल. १९१६मध्ये त्यांनी होमरूल लीग काढली; तिचे नावही आयर्लंडच्या चळवळीतले.

२९ जानेवारी १९१९ रोजी दावा सुरू झाला. चिरोलने आपल्या पुस्तकात गोरक्षण, आखाडे, रँड आणि जॅक्सन यांचे खून, या साऱ्यांचा धागा टिळकांशी जोडला होता. लेखणीने माणसे चिथावली, हा त्या आरोपाचा गाभा. आणि त्याचे समर्थन करायला उभा होता तो बंदुकधारी फौजेचा पुढारी! टिळकांचे वकील होते सर जॉन सायमन, जे रायफली उतरल्या तेव्हा स्वतः अ‍ॅटर्नी जनरल होते. २१ फेब्रुवारीला निकाल चिरोलच्या बाजूने लागला आणि खर्चाचा बोजा टिळकांवर पडला.

निकालाला जुरीचा पूर्वग्रह कारण झाला, असे आपण म्हणतो. मला ते अपुरे वाटते. राजद्रोह कृत्यावरून नव्हे, तर करणारा कोण यावरून ठरत होता, हे या दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या की दिसते.

कार्सनलाही हवे ते मिळाले नाही. त्याला अखंड आयर्लंड ब्रिटनमध्ये हवा होता. १९२१मध्ये देशाची फाळणी झाली आणि त्याच्या अल्स्टरमधल्या सहा परगण्यांना स्वतःचे पार्लमेंट मिळाले. होमरूलच म्हणायचे ते. ते पाहायला टिळक नव्हते. १ ऑगस्ट १९२० रोजीच ते गेले होते.